दुखणं किती? दोन

११ फेब्रुवारी

पोटावरची चरबी काढून छातीत भरायची, म्हणे. जी उतरावी म्हणून मी जन्मभर जिने चढले आणि बिनसाखरेचा चहा प्यायले, ती आता औषध म्हणून कामाला येणार. डॉक्टरीणबाई हे इतक्या गंभीरपणे सांगत होत्या की मला हसू आवरेना. मग त्याही हसल्या. वयाने लहान आहेत. केस मात्र कुणीतरी वाईट कापलेत, मागून सरळ पायऱ्या दिसतात. मी पार्लरवाली, माझी नजर आधी तिथेच जाणार.

गाठ निघाली म्हणून डावा स्तन काढला, त्याला दोन वर्षं झाली. तपासण्या स्वच्छ येतात. दुखणं मात्र तिथेच ठाण मांडून बसलंय. काखेपासून दंडाच्या आतल्या बाजूला सतत जळजळ, आणि मधूनच छातीवरून तापलेली तार ओढावी अशी कळ. कपड्याची शिवण घासली तरी डोळ्यांसमोर काजवे चमकतात. गोळ्या झाल्या, मलमं झाली, सुया झाल्या, रबरी पट्ट्या ओढायचे व्यायाम झाले. ज्याला सांगावं तो म्हणतो, जीव वाचला ना! वाचला की. पण त्या वाचलेल्या जिवाला डावा हात जरा वेळ वर धरता येत नाही, त्याचं काय करू?

ह्या बाईंनी निदान "वाचलात ना" म्हटलं नाही. व्रणावर बोट ठेवलं (मी ओरडले), कातडी हलवून पाहिली, ती हलली नाही. म्हणाल्या, "इथे कातडी खाली फासळ्यांना चिकटून बसलीय. मध्ये बारीक नसा अडकल्यात. आपण ती सुईनं सोडवायची आणि मध्ये तुमचीच चरबी घालायची. मऊ अस्तरासारखी."

"मग दुखायचं थांबेल?"

"काहींना खूप फरक पडतो. काहींना थोडा. काहींना काहीच नाही. घातलेल्यातली बरीच चरबी शरीर पुन्हा शोषून घेतं, म्हणून कधी कधी दुसऱ्यांदा भरावी लागते. आम्हीही अजून शिकतोच आहोत. आणि दुखणं मोजायला माझ्याकडे यंत्र नाही, तुमचा शब्द आहे. शून्य ते दहा. तेवढा खरा सांगायचा. आत्ता किती?"

"सात," मी म्हणाले.

आमचे हे बाहेर बाकावर बसले होते. सामान हलवणाऱ्या कंपनीत मुकादम आहेत, भल्याभल्या कपाटांना घाबरत नाहीत, पण दवाखान्यात आत यायचं म्हटलं की हे बाहेरच बसकण मारतात. मी बाहेर येऊन सांगितलं, माझं पोट माझ्या छातीत घालणार आहेत. हे म्हणाले, "बरं." रस्ता ओलांडून झाल्यावर म्हणाले, "पोट?"

१४ फेब्रुवारी

लोकांना वाटतं केस उजवा हात कापतो. कात्री त्याच्याकडे असते म्हणून. खरं काम डाव्याचं. बट उचलायची, दोन बोटांत ताणून धरायची, आणि कात्री फिरेपर्यंत तसूभर हलू द्यायची नाही. ताण सुटला की रेघ गेली. दिवसभर डावा हात खांद्याच्या वर. माझा तोच हात आहे.

पार्लरमध्ये दोन खुर्च्या. दाराजवळची माझी, आतली जाऊबाईंची, म्हणजे धाकट्या दिराच्या बायकोची. आली तेव्हा रंग लावणं आणि चेहरे चोळणं एवढंच तिच्याकडे होतं, कटिंग माझं. आजारपणात तिने माझी खुर्ची सांभाळली, ते मान्य आहे. पण मी परत आले तरी बाईंचा हात काही कात्रीवरून निघत नाही. जाड केसांची गिऱ्हाईकं, उंच बायका, लांब वेण्या, सगळ्या गोडीगुलाबीने आतल्या खुर्चीकडे वळवते. मला उरतात कपाळावरची झुलपं आणि पोरंटोरं. "ताई, तुम्ही हे करून घ्या ना, ह्यात तुमचाच हात चांगला." मला काय कळत नाही होय?

आज बँकेतली बाई तिच्याकडून केस कापून घेऊन "मस्त झालेत" म्हणाली. खांदे बघा म्हटलं मी मनात. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षात कळतं: गिऱ्हाईक आरशात खोटं बोलतं. तोंडाने छान छान चाललेलं असतं आणि खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. बिचाऱ्यांना आपलं मन दुखवायचं नसतं. आणि मग बाहेर पडल्या पडल्या समोरच्या दुकानाच्या काचेत बघून केस विस्कटायला लागतात. मला आजवर एकीनेही फसवलेलं नाही.

२७ फेब्रुवारी

उद्या. सकाळपासून तीनदा फडताळ लावलं आणि तीनदा मोडलं. कात्र्यांना तेल दिलं. जाऊ म्हणाली, "ताई, आता बसा, नाहीतर खुर्च्यांनाही तेल द्याल." तिच्या तोंडाला चाप नाही.

मला भूल घेण्याची भीती नाही. काही फरक पडला नाही तर काय, ह्याची आहे. सगळं करून झालं, आता हे शेवटचं. ह्यानेही नाही झालं तर दाराजवळची खुर्ची तिला देऊन मी गल्ल्यावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गोड बोलायचं आणि केस दुसऱ्याच्या हातून पडताना बघायचे. तीस वर्षं उभी राहिलेली बाई आहे मी. मला बसता येत नाही.

१ मार्च

पोट असं दुखतंय की कुणी लाटण्याने बदडलंय. जांभळं, निळं, काळं. वर कमरेला घट्ट पट्टा. छातीला मात्र काही कळतच नाही, बधिर आहे. चरबी कशी दिसते विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धुऊन घेतल्यावर लोण्यासारखी पिवळी. बारीक बारीक थेंबांनी, वेगवेगळ्या थरांत सोडली म्हणे. नीट रुजायला हवी. रुजायला! मी काय कुंडी आहे?

हे रजा काढून घरात आहेत. भाजी चिरतात ती अशी की एकेक तुकडा स्वतंत्र उचलून नेता यावा. माझ्यापासून एक हात अंतर ठेवून वावरतात. दोन वर्षं हेच चाललंय. पहिल्या ऑपरेशननंतर एकदा नुसता खांद्याला हात लावला आणि मी किंचाळले, तेव्हापासून मला चिनी मातीची समजून आहेत. मी काही बोलत नाही. काय बोलणार? धरू नका म्हणणारीही मीच होते.

२२ मार्च

देवापुढे साखर ठेवून लिहायला बसलेय!

आज तपासणी होती. खरंच फरक आहे. तार ओढल्यासारखी कळ आठवड्यात एकदाच आली. जळजळ आहे, पण लांबून हाक मारावी तशी. व्रणावरची कातडी चिमटीत धरता येते. डॉक्टरीणबाईंनी ती धरली, हलवली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. "किती?" म्हणाल्या. तीन होतं. पण त्या अशा काही बघत होत्या, जणू मी त्यांच्या परीक्षेचा कागद वाचून दाखवणार होते. मी म्हणाले, "दोन."

एकाने काय होतंय. गिऱ्हाइकाला मीही अर्धा इंच म्हणून पाऊण इंच कापतेच की.

बाहेर येऊन ह्यांना दोन बोटं दाखवली. हे बाकावरून उठले आणि तिथेच, दवाखान्याच्या मधल्या वाटेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मला मिठी मारली. दोन वर्षांनी. मी ह्यांच्या शर्टाला पुसलेले डोळे कुणाला दाखवले नाहीत.

१० एप्रिल

कामावर परत. माझ्या खुर्चीचा पंप बिघडलाय. जाऊने पायपट्टीवर चिकटपट्टी लावून ठेवलीय, वर न्यायची नाही, तेल गळतं म्हणे. "दुरुस्तीवाल्याला सांगितलंय, ताई." म्हणजे गिऱ्हाईक खाली आणि मी वर. हात फार उचलावा लागत नाही ही सोय झाली, पण वाकून वाकून कंबर धरली. आतली खुर्ची बरी मस्त वर-खाली होते. मी काय दुधखुळी आहे? माझीच खुर्ची मोडकी कशी?

आज एक पूर्ण कट केला. शेवटी शेवटी दंड भरून आला, पण केला. आरशात स्वतःकडे पाहून हसले.

४ मे

काल केस धुताना कळ आली. जुनीच, तार ओढल्यासारखी. मला वाटलं, हात वेडावाकडा पडला असेल. आज पुन्हा. दुपारी चहा पिताना, हात मांडीवर असताना.

चरबी जिरते म्हणाल्या होत्या. जिरली असेल थोडी. थोडीच जिरली असेल.

१७ मे

जिरली. मला कळतंय. व्रण पुन्हा आत ओढलाय, चिमटीत येत नाही. सकाळी पाच असतं आणि संध्याकाळी सहा. जुन्या सातापेक्षा कमीच आहे की, असं म्हणत मी दिवसभर फिरते. एका जागी बसले की जास्त जळतं म्हणून उठते, उठले की लागतं म्हणून बसते. आज गल्ल्यातली नाणी तीनदा वेगळी केली, मग सगळी एकत्र केली.

कुणाला सांगितलं नाही. घरात सगळे इतके खूश आहेत. हे आता कामावर जाताना मिठी मारतात. आल्यावर मारतात. मी श्वास धरते, दात आवळते, मनात चार म्हणेपर्यंत निभावते. लागतं. पण हवीही असते. ह्यांना खरं सांगितलं तर पुन्हा एक हात अंतर सुरू होईल. मला माझं माणूस नुकतं परत मिळालंय.

६ जून

सांगणार होते. शपथेवर सांगणार होते. वाटेत दोनदा घोकलं, "बाई, सहा आहे."

आत गेले तर डॉक्टरीणबाईंबरोबर आणखी दोन शिकाऊ डॉक्टर उभे. त्यांना म्हणाल्या, "ह्याच त्या." मग माझ्याकडे वळून, "सांगा, किती?" सगळे बघत होते. माझ्या तोंडातून आलं, "दोनच."

"हात वर?"

मी वर केला. चेहरा हसरा ठेवला. कळ आली ती पायाच्या अंगठ्याने जमीन दाबून गिळली.

त्या म्हणाल्या, कातडी जरा चिकटलेली वाटते खरी, पण दुखत नसेल तर दुसऱ्यांदा भरायची गरज नाही. उगाच सुया कशाला. दुसऱ्यांदा करून घेणाऱ्यांची रांग मोठी आहे, तुमची जागा दुसऱ्या कुणाला देते. फाईल मिटली. निघताना पार्लर कुठे आहे विचारलं. केसांना हात लावून म्हणाल्या, "ह्याचं काहीतरी करायचंय, तुमच्याकडेच येते." मी म्हणाले, या की.

बाहेर येऊन ह्यांना पुन्हा दोन बोटं दाखवली. हे म्हणाले, "वा." पण मिठी मारली ती अर्धीच.

१९ जून

ह्यांची पाठ धरलीय वाटतं. आजकाल मिठी मारतात ती तिरकी, कपाट दारातून काढताना आडवं करतात तशी. उजवा खांदा पुढे, डावी बाजू लांब, आणि हात माझ्या कमरेच्या खाली कुठेतरी. इतकी वर्षं ओझी उचलली, होणारच. मालिश करून देऊ का विचारलं तर म्हणाले, "पाठ? माझी पाठ ठणठणीत आहे." पुरुष कधी कबूल करतात का!

पार्लरमध्ये आज भांड्याला भांडं लागलं. माझं सोळा वर्षांपासूनचं जुनं गिऱ्हाईक, शाळेतल्या मोठ्या बाई, त्यांचे केस म्हणजे दोरखंड. मी त्यांच्या गळ्यात झगा बांधायला गेले तर जाऊने त्यांना आतल्या खुर्चीत बसवूनही टाकलं होतं. मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले. तू माझी खुर्ची खायला टपली आहेस, म्हटलं. ती मोठ्या बाईंचे केस विंचरत राहिली. कान लाल झाले होते तिचे. नंतर टॉवेल धुताना एवढंच म्हणाली, "ताई, तुम्हाला बरं आहे ना?"

"दोन," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि नळ जोरात सोडला.

२ जुलै

अंगात कुणीतरी गिरणी चालू ठेवलीय. एका कुशीवर झोपता येत नाही, एका कामात मन लागत नाही. आज तीन वेळा फोन उचलला, दवाखान्याचा नंबर लावला, आणि तिकडून "हॅलो" आलं की ठेवला. काय सांगू? मी खोटं बोलले? मी काय शाळेतली पोरगी आहे, घरचा अभ्यास न केलेली?

आणि समजा सांगितलं, दुसऱ्यांदा भरली, आणि तीही जिरली तर? मग कुणाकडे बघून दोन म्हणू?

१६ जुलै

त्या आल्या. आधी फोन न करता, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. मी दारात उभी होते. जाऊ आत टॉवेलांच्या घड्या करत होती. डॉक्टरीणबाई कोट न घातलेल्या, लहानखुऱ्या दिसत होत्या. थेट माझ्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "घ्या, आता मी तुमच्या हातात."

जाऊ घडी टाकून उठली. "मी करते, ताई. तुम्ही बसा ना बोलत."

"माझ्याकडे आल्यात त्या," मी म्हणाले. ती पुन्हा खाली बसली, पण घड्या घालेना.

केस दाट, कुरळ्याकडे झुकणारे, आणि त्या पायऱ्या तशाच. मागचं जमलं, मान खाली होती. मग डोक्यावरच्या बटा आल्या, आणि त्या सरळ वर धराव्या लागतात. एक धरली, कापली. दुसरी धरली. दंडातून आग निघायला लागली. त्या आरशात माझ्याकडे बघत आनंदाने बोलत होत्या. "तुमच्यामुळे मला किती बरं झालं सांगू? परवा दोघी आल्या होत्या, अगदी घाबरलेल्या. त्यांना तुमचं सांगितलं. सातावरून दोन! दोघीही तयार झाल्या लगेच."

मी "हो का" म्हणाले आणि डाव्या बाजूची बट उचलली. तेव्हाच तार ओढली गेली. बोटं सुटली, कात्री मिटली, आणि बट बोटभर वर तुटली.

हलले नाही. आवाजही नाही काढला. उजव्या बाजूने थोडं वर घेऊन सारखं करायला गेले, पण डावा हात नुसता लटपटत होता. आणखी वाकडं झालं. शेवटी ब्रशने मानेवरचे केस झटकले, मागे छोटा आरसा धरला, उजव्या हातात, आणि म्हणाले, "बघा."

त्यांनी पाहिलं. डावीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हसून म्हणाल्या, "छान झालेत हो!"

खांदे कानांना टेकले होते.

मला काय झालं कुणास ठाऊक. इतक्या बायका त्या आरशात मला छान म्हणून गेल्या, मी कधी कुणाला अडवलं नाही. पण ही पोर माझं मन राखायला वाकड्या केसांनी उद्या दवाखान्यात जाणार होती, शिकाऊ डॉक्टरांसमोर उभी राहणार होती. मी म्हणाले, "छान नाही झालेले. डावीकडे बोटभर तोकडे आहेत. माझा हात सुटला."

"अहो, वाढतील की..."

"सहा आहे," मी म्हणाले. "दोन नाही. दोन कधीच नव्हतं. आधी तीन होतं, मग चरबी जिरली, मेपासून सहा आहे. कधी सात."

त्या आरशातूनच बोलल्या, मागे वळल्या नाहीत. "मग मला दोन का सांगितलंत?"

"तुम्ही छान का म्हणालात?"

मला वाटलं होतं तशा त्या हसल्या नाहीत. चेहरा कडक झाला. "माझे केस वाढतील," म्हणाल्या. "त्या दोघींना मी तुमच्या भरवशावर तयार केलंय. आता त्यांना काय सांगू? आणि तुमची जागा मी दुसऱ्या बाईला देऊन टाकलीय. तुम्ही दोन महिने हे अंगावर काढलंत, कशासाठी?"

मी रडले. गिऱ्हाइकासमोर, हातात कंगवा घेऊन, हुंदके देऊन रडले. तुमचा चेहरा पडेल म्हणून, एवढंच म्हणता आलं. आणि ह्यांचा. ते ऐकून त्यांचा कडकपणा जरा उतरला. त्या झग्याखालून हात काढून माझा उजवा हात धरून बसल्या. "माझा चेहरा मी सांभाळीन," म्हणाल्या. "तुम्ही आकडा सांभाळा."

मग म्हणाल्या, "हे सरळ करून द्या मात्र. अशी मी जाणार नाही."

मी कात्रीकडे पाहिलं. डाव्या हाताकडे पाहिलं. तो माझं ऐकायच्या पलीकडे गेला होता. तीस वर्षांत दाराजवळच्या खुर्चीतलं अर्धं डोकं मी कुणाच्या हाती दिलेलं नाही. कात्री उलटी करून जाऊच्या पुढे धरली.

तिने ती घेतली, डोळे पुसले (तिला काय झालं होतं?), वाकून पायपट्टीवरची चिकटपट्टी ओढून काढली आणि दोन दणके देऊन खुर्ची वर घेतली. सरसर वर गेली. कधी दुरुस्त झाली मला कुणी सांगितलंही नाही, उद्या विचारायला हवं. मी बाकावर बसले. कापता कापता ती म्हणाली, "मी विचारायचं सोडलं होतं, ताई. विचारलं की तुम्ही चावायला येता." डॉक्टरीणबाई मान न हलवता मला प्रश्न विचारत राहिल्या, कुठे सुरू होतं, कुठवर जातं, झोपताना किती, शिवण लागली की किती. मी सगळे आकडे सांगितले. सोमवारी बोलावलंय. रांगेत मागून उभं राहावं लागेल, दुसऱ्यांदा भरूनही खात्री नाही, हेही तोंडावर सांगितलं. त्या दोघींशी मी स्वतः बोलायचं, असंही ठरलं.

केस चांगले कापले तिने. उगाच म्हणत नाही. डावीकडची रेघ माझ्याहून सरळ आली.

१७ जुलै, सकाळी

काल घरी गेल्यावर ह्यांना सांगायचं धाडस झालं नाही. आज चहा झाल्यावर, हे कप विसळत असताना, पाठमोऱ्यांनाच सांगितलं. दोन नाही, सहा आहे. मेपासून तेवढंच आहे. दुसऱ्यांदा भरायचंय, आणि कदाचित त्यानेही जाणार नाही. कदाचित हे असंच राहील.

हे कप विसळत राहिले. म्हणाले, "मिठी मारली की तू श्वास धरतेस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू दोन म्हणत होतीस. मी काय म्हणणार, नाही, सहा आहे?" नळ बंद केला. "मला वाटलं तुला ते दोन हवंय."

मग वळले, आणि तिथेच थांबले. ओले हात हवेत, पुढे येऊ की नको अशा बेतात. हेच मला भेवडावत होतं इतके महिने. तेच एक हात अंतर.

मी ह्यांचा उजवा हात धरला आणि माझ्या कमरेवर ठेवला, उजव्या बाजूला. "इथे. वर नाही. आणि दुसरा पाठीवर, खाली." हे शिकाऊ माणसासारखे सांगेन तिथे हात ठेवत गेले. गाऊन भिजला माझा. डावी बाजू जळत होतीच, ती काही थांबली नाही.

"किती?" ह्यांनी विचारलं.

"सहा," मी म्हणाले.

ह्यांनी सोडलं नाही.